एल्डनच्या जागेवर मी बसले

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या टेबलापाशी बसले होते. तो पाव मी माझ्या दातांनी चावून खाल्ला. तुम्हाला पटलं नाही तर नका मानू. माझ्या वयाला आता कुणाला पटवायची हौस उरलेली नाही.

तारीख सहा जानेवारी, साल १९४६. आम्हा युक्रेनी लोकांच्या पंचांगाप्रमाणे नाताळची पवित्र संध्याकाळ. जागा, सस्कॅचेवान प्रांतात यॉर्कटन गावाच्या उत्तरेला आमचं शेत. घरात आम्ही तीन माणसं. मी तेक्ला, माझा नवरा नेस्टर, आणि सासू येव्दोकिया.

तीनच.

ताटं मात्र चार होती...

नेस्टर लढाईला गेला तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम एक उन्हाळा झाला होता. विमानदलात त्याला गनर केलं. चार इंजिनांचं बॉम्बर, त्याच्या अगदी शेपटीला काचेची एक खोपटी, आणि तिच्यात बंदुका घेऊन हा एकटा. बाकीचे पुढे तोंड करून जर्मनीवर जायचे, हा मागे तोंड करून. विमानाच्या पाठीवर तशीच आणखी एक खोपटी होती. तिच्यात दुसरा गनर, एल्डन. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा पोरगा. दोघांच्या कानात एकच तार, बोलायचं बटण दाबलं की तिच्यात 'टक्' वाजायचं. काळोखात काही दिसलं की एकमेकांना सांगायचं. काही दिसलं नाही तरी सांगायचं.

एका खेपेला विमान पडलं. पॅराशूटने हे दोघंच जिवंत उतरले आणि पकडले गेले.

दोन हिवाळे कैदेतून कार्डं येत राहिली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पोस्टातली बाई वाचून दाखवायची. 'मी आणि एल्डन बरे आहोत.' 'एल्डनने मला मोजे विणून दिले.' 'एल्डन म्हणतो, तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग.'

माझ्या नवऱ्याच्या कार्डात मला नमस्कार त्याचा!

"तेक्ला, हा एल्डन नक्की पुरुषच आहे ना?" पोस्टातली बाई म्हणायची. "एकदा विचारून घे हो."

दुकानात बसलेले सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. आणि घरी येऊन कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायचे. त्या दोन हिवाळ्यांत आमच्याकडे जळण कधी कमी पडलं नाही.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात नेस्टर परत आला. एकटाच. एल्डन शेवटच्या हिवाळ्यात वारला होता.

मी चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्ती लावली. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण तो मेला होता, गेला नव्हता.

पहिल्याच जेवणाला कळलं. नेस्टरने पाव घेतला. सुरीने त्याचे दोन तुकडे केले. किती जपून! दोन्ही सारखे आहेत की नाहीत हे खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. कापायच्या फळीवर ठेवले. आणि हात मांडीवर घेऊन बसला.

मी हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला.

"का?"

"जो कापतो तो शेवटी उचलतो. तिकडे कैदेत तसंच होतं. मग कापणारा लबाडी करत नाही."

"बरं. मग आधी मी उचलते."

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

थोड्या वेळाने त्याने डावा तुकडा स्वतःकडे ओढला. उजवा तसाच राहिला.

जणू उजवा कुणीतरी आधीच निवडला होता...

मग रोज तेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तो उरलेला तुकडा सासू कोंबड्यांना टाकायची. कोंबड्या त्याच्याभोवती फिरायच्या, पण चोच लावायच्या नाहीत.

दुसरी बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मेलेल्या माणसाचं काय उपटणार? तो काही बोलत नाही, म्हातारा होत नाही, चुकत नाही. सूप खारट करत नाही. त्याच्यापुढे मी रोज हरायचे.

"अगं, मेलेल्याचा कसला हेवा करतेस?" सासू म्हणायची. "हेवाच करायचा तर पलीकडच्या हानुस्याचा कर. नवऱ्याने शिवणयंत्र घेतलंय तिला."

"तिचा नवरा तिच्याशी बोलतो, आई."

"हो, आणि तेच तर तिचं दुःख आहे."

सासूला हसू यायचं. मला येत नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा दिवस मावळताना मी दुधाची बादली घेऊन गोठ्याकडे गेले. दाराशी पोचले आणि थांबले.

आत नेस्टर बोलत होता. इंग्रजीत.

आधी 'टक्' असा बारीक आवाज. मग त्याचं बोलणं. पुन्हा 'टक्'... आणि शांतता. साधी शांतता नव्हती ती. समोरचा बोलत असतो आणि आपण ऐकत असतो, तशी.

मग नेस्टर हसला. घरी आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी तो एकदाही हसला नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दार ढकललं.

तो गोठ्याच्या मधोमध पेंढ्यावर बसला होता. पाय लांब करून, मान मागे टाकून, आरामात पाठ टेकून.

पण त्याच्या पाठीमागे काहीच नव्हतं.

ना भिंत. ना खांब. ना पेंढ्याची गंजी. नुसती हवा. आणि तो तिला रेलून बसला होता... पडत नव्हता.

माझ्या हातातली बादली आपटली. त्या आवाजाने तो दचकला आणि त्याच क्षणी उताणा कोसळला. आधार काढून घ्यावा तसा.

"कोण होतं इथे?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही. तुझ्या तोंडून सांग."

तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. पहिल्यांदा आणि शेवटचं.

त्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मनांनी कैद्यांना छावणीतून काढून बर्फातून पश्चिमेकडे चालवलं. पडेल तो मागे राहायचा. मुक्कामाला कुणाच्या तरी गोठ्यात कोंबायचे. हे दोघं पाठीला पाठ लावून बसायचे, ऊब राहावी म्हणून. एका सकाळी नेस्टरने उरलेला पाव कापला. दोन तुकडे केले आणि मागे धरले. म्हणाला, उचल. एल्डनने उचलला नाही. नेस्टर वाट बघत राहिला. त्याला वाटलं, हा निवडतोय.

"मग?" मी म्हटलं.

"मग मी दोन्ही खाल्ले."

"मेलेलाच होता ना तो?"

"पाठ गरम होती, तेक्ला." त्याचा आवाज फुटला. "त्याने अजून निवडलं नव्हतं. मी त्याच्या आधी उचललं."

कुणालाही त्याची दया आली असती. मलाही आली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पण मांडीवर घेऊनही मनात हेच चाललं होतं की माझ्यासाठी हा कधी असा रडला होता का?

आता त्या संध्याकाळचं सांगते.

पवित्र संध्याकाळी आमच्याकडे बारा पदार्थ असतात. मांस नाही, दूध नाही. बिटाचं सूप, बटाट्याच्या करंज्या, मासा, कोबीचे रोल, मध आणि खसखस घातलेली गव्हाची खीर. टेबलावरच्या चादरीखाली सुकं गवत पसरायचं. घरातल्या मेलेल्यांसाठी एक ताट जास्त मांडायचं. आणि बाकावर बसण्याआधी जागेवर फुंकर मारायची. त्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी येऊन बसलेली असतात, त्यांच्यावर बसायचं नाही.

"हे ताट एल्डनचं," नेस्टर म्हणाला.

"आणि तुझ्या बापाने कुठे बसायचं रे?" सासू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दर वर्षी ती जागा त्याची असते. हा कोण परका? आपल्या धर्माचा नाही, आपलं बोलणं त्याला कळत नाही."

"बाबा समजून घेतील."

"जिवंत होता तेव्हा कधी काही समजून घेतलं नाही त्याने. आता घेणार आहे होय?" पण मुलाचा चेहरा बघून ती नरमली. "बरं. एक वर्ष उभा राहील तुझा बाप. तसाही जेवायला उशिराच यायचा."

आमच्यात आणखी एक रीत आहे. पहिली चांदणी दिसली की घरचा पुरुष खिरीचा वाडगा घेऊन दार उघडतो आणि थंडीला जेवायला बोलावतो. तीनदा. 'ये, आमच्याबरोबर जेव.' आणि त्याला जोडूनच म्हणायचं, 'आत्ता आली नाहीस तर पुन्हा येऊ नकोस.' थंडी काही जेवायला येत नाही. मग वर्षभर तिने आमच्या गव्हाला आणि गुरांना हात लावायचा नाही. दोन्ही वाक्यं म्हणावीच लागतात. पुढचं सोडलं तर नुसतं आमंत्रण उरतं, आणि ते कायमचं उघडं राहतं.

चांदणी दिसली. नेस्टरने दार उघडलं. बाहेर बर्फ निळं पडलं होतं. वारा नव्हता.

त्याने थंडीला हाक मारलीच नाही.

"एल्डन, ये," तो इंग्रजीत म्हणाला. "आमच्याबरोबर जेव."

तीनदा म्हणाला. आणि थांबला.

"पुढचं म्हण," सासू म्हणाली.

"नाही, आई."

"अरे, अर्धी हाक मारून ठेवतात का कुणी? पुढचं म्हण आणि दार लाव, घर गार पडलं."

"मी त्याला येऊ नकोस म्हणणार नाही."

तो तसाच उभा राहिला. दार उघडं. माझं उभं आयुष्य त्या दारासारखं उघडं राहणार, हे मला तिथेच दिसलं. रोज दोन तुकडे. रोज माझ्या खांद्यावरून मागे बघणं.

माझं इंग्रजी तेव्हा दुकानापुरतं होतं. पण तेवढं मला येत होतं. मी पुढे झाले, नेस्टरला बाजूला सारलं आणि अंगणात ओरडले,

"आत्ता आला नाहीस तर पुन्हा येऊ नकोस!"

नेस्टरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणावर गोळी झाडली.

मला मात्र हायसं वाटलं. मेलेलं माणूस कुठून येणार? नाही आला की सुटलो.

अंगणात काही हललं नाही.

पायरीवर आमचं कुत्रं बसलं होतं. ते उठलं. समोरच्या रिकाम्या बर्फाकडे बघून शेपटी हलवायला लागलं.

मग ते बाजूला सरकलं... कुणाला तरी वाट देत.

सासूने धाडकन दार लावलं. "जेवायला बसा," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

मी वळले तर टेबलावरच्या मेणबत्तीची ज्योत वाकली होती. दाराकडून नाही. एल्डनच्या ताटाकडून. कुणीतरी तिथे बसून नुकताच श्वास सोडावा तशी.

आणि नेस्टर त्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होता. तसंच, गोठ्यातलं हसू.

ते मला सहन झालं नाही. आजही झालं नसतं. तो माझा नवरा. ते हसू माझं. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि एल्डनच्या जागेवर जाऊन बसले.

"तेक्ला!" सासू किंचाळली. "फुंकर!"

मी फुंकर मारली नव्हती.

आधी मी बाकावर बसले.

मग माझ्यात कुणीतरी बसलं.

याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. दुखलं नाही. थंड थंड वाटलं, आणि पाठीला ऊब. सासू पुटपुटत छातीवर क्रूस काढत होती.  नेस्टरने राय धान्याचा काळा पाव घेतला. कापला. दोन तुकडे फळीवर ठेवून हात मांडीवर घेतले.

मी ठरवलं, डावा उचलायचा. नेस्टरचा रोजचा.

माझा हात उजव्याकडे गेला.

मी खाल्ला. नेस्टर बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पोचलं," तो म्हणाला. एवढंच.

पाव संपला आणि मला भूक लागली. कसली भूक म्हणून सांगू! सूप खाल्लं. करंज्या खाल्ल्या. मासा काट्यांसकट खाल्ला. बाराही पदार्थ खाल्ले, आणि पोट पहिल्यापेक्षा रिकामं.

ती भूक दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्या महिन्यात गेली नाही.

सासू खूश. "दोघांचं खातेस," ती म्हणायची. "गोड बातमी आहे म्हणायची."

मला घाम फुटायचा. गोड बातमी तेव्हा नव्हतीच. मुलं फार उशिरा झाली.

पण नेस्टर बरा झाला. गोठ्यातली कुजबुज थांबली. तो माझ्या खांद्यावरून मागे बघेना, माझ्याकडे बघू लागला. पाव कापून म्हणायचा, "आधी तू." हिवाळ्यात संध्याकाळी शेगडीपुढे माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा. हानुस्या शिवणयंत्र विसरून माझा हेवा करायला लागली.

मी जिंकले होते. एक हिवाळाभर मी नव्या नवरीसारखी वावरले.

मग मार्चमध्ये एकदा मी पोत्याचं तोंड बांधत होते. मन दुसरीकडे होतं. नेस्टर जवळ आला, आणि माझ्या हातांकडे बघत उभा राहिला.

मी खाली पाहिलं. दोरीला मी एक गाठ मारली होती. दुहेरी, उलटी, घट्ट, सुंदर. तशी गाठ मला येत नाही. आमच्या भागात कुणालाच येत नाही. समुद्र मी आजपर्यंत बघितलेला नाही.

नेस्टरने माझा हात उचलला आणि बोटांचा मुका घेतला.

बोटांचा. माझा नाही.

त्या दिवसापासून त्याने माझ्याकडे प्रेमाने बघितलं की मला विचारावंसं वाटायचं, तू कुणाकडे बघतोयस? विचारलं कधीच नाही. तो 'तुझ्याचकडे' म्हणाला असता, आणि मला ते खरं वाटलं नसतं. पुढे मुलं झाली, सासू गेली, जमीन वाढली. माणसं म्हणायची, असं जोडपं शोधून सापडणार नाही. मी मान हलवायचे. स्वतःच्याच हाताचा, स्वतःच्याच पाठीचा हेवा करत मी संसार केला. आणि सगळा वेळ भुकेली राहिले.

नेस्टर म्हातारपणी यॉर्कटनच्या दवाखान्यात वारला. सकाळची वेळ होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी खुर्ची ओढून त्याचा हात धरून बसले होते. त्याचा श्वास आखूड झाला होता, पण शुद्ध स्वच्छ होती.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. खूप वर्षांनी मला वाटलं की हा खरंच मला बघतोय.

"तेक्ला," तो म्हणाला.

"काय रे?"

"तू जरा बाहेर जा."

"का? नर्सला बोलावू?"

"नको." त्याने माझा हात हळूच सोडला. मायेनेच सोडला. "तू जा. त्याला राहू दे."

मी उठले. भांडले नाही.  दारापर्यंत गेले. उंबरठा ओलांडताना पाठ एकदम गार पडली.

मागे दार आपोआप लागलं.

मी व्हरांड्यात उभी राहिले, आणि हळूहळू लक्षात आलं... मला भूक नव्हती. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा माझं पोट शांत होतं.

आतून हसण्याचा आवाज आला. एक नेस्टरचं हसू, मी ओळखते. दुसरं तरुण माणसाचं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी ते इतकं ओळखीचं होतं की माझाच घसा दुखला.

मग दोन्ही थांबली.

नर्स धावत आली. "आजी, तुम्ही बाहेर का? आत त्यांच्याजवळ कोण आहे?"

मी बाजूला झाले.

तिने दार उघडलं. नेस्टर पलंगावर एका कडेला सरकून झोपला होता. दुसऱ्या माणसासाठी जागा सोडावी तसा. चेहऱ्यावर समाधान होतं. गादीची मोकळी बाजू दबलेली होती... आणि आम्ही बघत असताना ती हळूहळू वर आली.

नर्सने ते पाहिलं. तिने पुढे ती नोकरी सोडली. मला रस्त्यात भेटली तरी त्याबद्दल बोलत नाही.

दोघं मिळून गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता मी एकटी आहे. अंगात दुसरं कुणी नाही, हे मला पक्कं कळतं. घर शांत आहे. झोप लागते. माणसं म्हणतात, म्हातारीने सगळं छान निभावलं.

पण ज्या माणसाबरोबर मी उभा जन्म काढला, त्याने त्यातला एक दिवस तरी माझ्याबरोबर काढला का... हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.